उलट्या तासाचा फलक

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. लक्ष्मीकांतमामांस,
शि. सा. न. वि. वि.

घर जागेवर आहे, गच्चीवरची झाडं जिवंत आहेत आणि मी अजून पळालेलो नाही. तिन्ही बातम्यांवर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून आधी त्याच लिहिल्या.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज पाठवला तर तो आधी अवंतिकाताई वाचते. परवा मंडळाचं नुसतं नाव काढलं, तर तिचंच उत्तर आलं, की बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, त्यांना शाळेच्या भानगडी कळवल्यास तर बघ. पोस्टाच्या पत्रात फक्त खुशाली असते असा तिचा समज दिसतो. राहू द्या तसाच.

तुम्ही पुण्याला जाताना म्हणाला होतात की घर सांभाळतोच आहेस तर मंडळाच्या शाळेतही जा, खेळाचे मास्तर रजेवर आहेत. अकरावीतून उठून गेलेल्या माणसाला शाळेत कोण घेतं? पण तुम्ही कार्यकारिणीत, म्हणून अध्यक्ष सूर्याजीरावांनी घेतलं. वर हेही म्हणाले की शिट्टी वाजवायला डिग्री लागत नाही. मी म्हटलं, एकदम बरोबर. सकाळी कंपूच्या रस्त्यानं चालत जातो. वाटेत बेडईच्या पुऱ्या तळत असतात. तिथं थांबलो की उशीर होतो, नाही थांबलो तर दिवस वाईट जातो. कोल्लमला मासेमारीच्या बोटीवर होतो तेव्हा तिथला तांडेल सकाळी जे खायला घालायचा, त्याची गोष्ट... जाऊ दे, ती नंतर.

मुद्दा असा की मी तुमचा उलटा तास सुरू केला. शनिवारचा शेवटचा तास रिकामा होता. पाचवीच्या हेमांगी टीचर तयार झाल्या. त्या तुमच्याच विद्यार्थिनी, नियम तोंडपाठ: मास्तर बाकावर, मुलं फळ्यापाशी, मुलांनी वाटेल ते विचारायचं. मास्तरांना उत्तरं दोनच, खरं असेल ते नाहीतर ‘माहीत नाही’. ‘नंतर सांगतो’ म्हणायला सक्त बंदी.

आधी गमतीचे प्रश्न आले. टीचर घरी रडतात का, वगैरे. (रडतात म्हणाल्या, कांदा नसतानाही.) मग गरिमा उभी राहिली. कायद्यानं ज्या गरीब घरच्या मुलांना फुकट जागा द्याव्या लागतात, त्या आरटीईवाल्यांतली ही. आई आपल्याच कॉलनीत पोळ्या करते. तिनं विचारलं की व्हॅनवाली मुलं पुढच्या मोठ्या फाटकानं येतात आणि आम्ही नाल्याकडच्या फाटकानं, असं का. मामा, हेमांगी टीचर बोलल्या ते अगदी सरळ.

मग मी तुमच्या रिवाजाप्रमाणे आठवड्याचा सगळ्यात चांगला प्रश्न ऑफिसबाहेरच्या फलकावर लिहिला. हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून. प्रश्न गरिमाचा. उत्तर असं: तुम्ही पुढच्या फाटकात दिसलात तर फी भरणाऱ्या पालकांना आवडणार नाही, अशी संस्थेला भीती वाटते, म्हणून, आणि हे चूक आहे. खाली मोठ्या अक्षरात, हेमांगी टीचर, पाचवी. तुम्ही म्हणायचात ना, खरं उत्तर देणाऱ्या मास्तरचं नाव खाली घालायचं, तो त्याचा मान. रंगीत खडूनं वेलबुट्टीही काढली. टीचर तोवर मुरारच्या टेम्पोत बसून घरी गेल्या होत्या. सोमवारी बघतील तेव्हा खूश होतील.

रागावलात तरी आशीर्वाद चालू ठेवा.

तुमचा
राघव


पुणे
१३ नोव्हेंबर २०२५

चि. राघवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा घाम फुटला. अवंतिका बीपीचं यंत्र घेऊन धावली. तिला सांगितलं की राघव झाडांना फार पाणी घालतो आहे.

हे पत्र हातात पडेल तसा ऊठ आणि फलक पुसून ये.

आम्ही फलकाखाली नावं लिहायचो तेव्हा नोकऱ्या पक्क्या होत्या आणि नावामागे शिक्षक संघ उभा होता. एका मास्तरला ऑफिसातून बोलावणं आलं की सगळे जाऊन बसायचे, आणि चहा संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. तिथं चहा फार सावकाश प्यायचा असतो, हे नव्या मास्तरला आधी शिकवावं लागे. हेमांगीची नेमणूक एप्रिल ते मार्च, दरवर्षी नवी. आज त्या शाळेत संघ नाही, एकमेकांशी धड बोलायला मधली सुट्टी पुरत नाही. तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहून तू तिला एकटीला रस्त्यात उभी केलीस.

उत्तर बरोबरच आहे. शाळा जे शिकवते त्यातलं थोडं पुस्तकात असतं आणि बरंच फाटकात, हे मी तुला जेवताना इतक्यांदा सांगितलंय की तुझं वरण गार व्हायचं. पण मास्तर हा मजूर आहे आणि मजुरानं एकट्यानं खरं बोललं की मालकाचं काम सोपं होतं, हेही तेव्हाच सांगितलं होतं. तेवढं वाक्य तू बहुतेक लोणचं शोधताना ऐकलं नाहीस.

लगेच लिही. झाडांना खरंच पाणी कमी घाल.

तुझा काळजीत पडलेला
मामा


ग्वाल्हेर
१८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच फलक पुसला गेला. पण शनिवारी संध्याकाळीच कुणा पालकानं त्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता. वेलबुट्टीसकट.

सोमवारी पुढच्या फाटकाशी गाड्याच गाड्या. एक गृहस्थ ओरडत होते की आम्ही असं कधी म्हटलं, आमची बदनामी का करता. शेजारच्या बाईंनी त्यांना तिथंच ऐकवलं की भाईसाब, पालकसभेत तुम्हीच म्हटलं होतं, मी बाजूलाच बसले होते. मला हसू आलं आणि ते सूर्याजीरावांनी पाहिलं. नाल्याकडच्या फाटकाशीही आई-बाप जमले होते. ते ओरडले नाहीत. मुलांना आत सोडून तिथंच उभे राहिले, कामाला गेले नाहीत. गरिमाच्या आईनं मला हळूच विचारलं की बच्ची का नाम तो नहीं कटेगा. मी ‘माहीत नाही’ म्हणालो, पण तो काही खेळ नव्हता.

हेमांगी टीचरना नोटीस मिळाली आहे, संस्थेची बदनामी केल्याबद्दल. ७ डिसेंबरला, रविवारी, कार्यकारिणीची बैठक. काढायचं की ठेवायचं ते तिथं ठरणार. त्यांच्या यजमानांचं काम उन्हाळ्यात सुटलं, तुम्हाला ठाऊक असेल. घर यांच्यावर चालतं, आणि मुलगी याच शाळेत दुसरीत आहे, स्टाफची म्हणून. म्हणजे आई गेली की मुलगीही गेली.

स्टाफरूममध्ये त्यांच्या बाजूची खुर्ची रिकामी राहते. परवा मी जाऊन बसलो, तर म्हणाल्या, राघव, तुम्ही बसल्यानं ती भरत नाही.

लीलाताई आणि आणखी एक सदस्य त्यांच्या बाजूनं आहेत. सूर्याजीराव आणि एक जण विरुद्ध. पाचवे तुम्ही. तुमचं मत लेखी मागवणार आहेत. आता तुम्हाला काय विचारायचं, ते तर पक्कंच आहे ना? तरी एका ओळीनं कळवा, मला बरं वाटेल.

आशीर्वाद सध्या जरा जास्त लागतील.

राघव


पुणे
२३ नोव्हेंबर २०२५

चि. राघवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एका ओळीत मावणार नाही.

सूर्याजीला तू राक्षस समजतोस. मागे एकदा शाळेची जागा कोचिंगवाल्यांना विकायचं घाटत होतं, तेव्हा तोच आडवा पडला होता. मी भाषण केलं, त्यानं व्यवहार मोडला. त्याचं गणित असं, की फीवाले पालक गेले तर शाळा बंद, आणि शाळा बंद तर गरिमाची फुकट जागाही बंद. हे गणित मला आवडत नाही, पण त्यात चूक दाखवता येत नाही. सरकारनं आपल्या शाळा ओस पाडल्या आणि गरिबांची पोरं अशा दारांत पाठवली, तेव्हापासून आपण सगळे याच गणितात अडकलोय.

तेव्हा आधी नोकरी वाचवू. माझी सूचना अशी. फलकावरचं वाक्य माझंच आहे, असं तू सांगावंस. हेमांगीनं एवढंच लिहून द्यावं की तो मजकूर मला न दाखवता लिहिला गेला. तो तिनं पाहिला नव्हता, तेव्हा यात खोटं काही नाही. तू तर उडता पक्षी, तुला काढलं काय अन् न काढलं काय. सूर्याजीची पत राहील, पाचही मतं तिच्या बाजूनं पडतील. सोबत मसुदा पाठवतो. तिला नीट समजावून सांग.

मला ठाऊक आहे, तुला हे पटणार नाही. तिला महिना काढायचा आहे, तुला नाही, हे ध्यानात ठेवून पुन्हा वाच.

तुझ्या रागाची वाट पाहणारा
मामा


ग्वाल्हेर
२८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पुन्हा वाचलं. तरी राग आला.

पण तुमचं ऐकलं. मुरारला त्यांच्या घरी गेलो. रस्ता चुकून छावणीच्या भिंतीकडे पोचलो, तिथं एका जवानानं कुठून आलात म्हणून विचारलं. मी म्हटलं शाळेतून, तर म्हणाला उमर निकल गई भैया. असो. हेमांगी टीचरनी चहा केला, मसुदा वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाल्या, सरांना मीच लिहिते. त्यांची मुलगी पाटीवर बदक काढत होती, ते मला दाखवलं.

मी खोटं बोलायला तयार होतो, मामा. बॅग भरलेली आहे. माझी बॅग भरायला काय लागतं? पण येताना टेम्पोत सारखं वाटत राहिलं, की ज्या तासात ‘नंतर’ म्हणायचीसुद्धा बंदी, त्या तासातून वाचायला तुम्ही आम्हाला मसुदा पाठवलात. जेवताना वरण गार करून शिकवलं ते मग कशाला?

जास्त लिहिलं असेल तर भाचा म्हणून सोडून द्या.

राघव


मुरार, ग्वाल्हेर
२८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सरांस,
सा. न. वि. वि.

आपली तब्येत आता बरी असेल. हे पत्र आपल्याला त्रास देईल, त्याची आधीच माफी मागते.

आपला मसुदा वाचला. माझ्या काळजीनंच लिहिलाय, हे कळलं. राघवही माझ्याच काळजीनं भांडायला निघालाय. सूर्याजीराव म्हणतात, त्यांनाही माझी काळजी वाटते. सर, महिनाभर माझ्याबद्दल पत्रं जात-येत आहेत, पण मला काय हवंय ते मला कुणी विचारलं नाही.

मला नोकरी हवी आहे. बाणेदारपणे सोडून द्यावी अशी माझी स्थिती नाही. सासूबाईंची औषधं, मुलीची शाळा, सगळं त्या नोकरीवर आहे. पण ते वाक्य माझं आहे. मजकूर मला न दाखवता लिहिला, असं मी लिहून दिलं तर ते खरंच, पण वर्गात बसलेल्या मुलांनी ते माझ्या तोंडून ऐकलंय. दुसऱ्या दिवशी मी पाचवीत जाऊन काय शिकवू? गरिमा मला काही म्हणणार नाही. ती फक्त पुन्हा प्रश्न विचारणार नाही. तिला बसवून ठेवायला फाटक आहेच, त्यात मी कशाला हवी?

आपण मला शिकवलंत तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसायची आणि उलट्या तासाला कधी उठायची नाही. एकही प्रश्न विचारला नाही, त्याची भीती वाटायची. आज एक विचारते. गरिमानं तो प्रश्न आपल्या वर्गात विचारला असता, आणि आपली नोकरी माझ्यासारखी असती, तर आपण काय उत्तर दिलं असतं?

नियम आपल्याला ठाऊक आहेत.

माया कमी होऊ देऊ नये, एवढंच मागणं.

आपली विद्यार्थिनी
हेमांगी


पुणे
२ डिसेंबर २०२५

चि. राघवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मसुदा फाडून टाक.

बैठकीत माझं मत म्हणून एवढं लीलाताईंनी वाचून दाखवावं. हेमांगीचं उत्तर खोटं असेल तर तिला काढण्यासाठी पहिला हात माझा. पण खोटं म्हणायचं तर खरं काय, ते आधी समोर यायला हवं. तेव्हा ज्यांना तिला काढायचं आहे त्यांनी त्याच फलकावर, त्याच प्रश्नाखाली, नाल्याकडचं फाटक वेगळं कशासाठी ते लिहावं आणि खाली आपलं नाव घालावं. तिचं होतं तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मग माझं मत घ्यावं.

दुसरं काम याहून मोठं. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाच्या घरी जा. भाषण देऊ नकोस, तुझं भाषण कोल्लमला जाऊन अडकतं. एवढंच विचार, की रविवारी ऑफिसात येऊन बसाल का आणि चहा सावकाश प्याल का. कोणी नाही म्हटलं तर त्याला भेकड समजू नकोस. त्याचीही नेमणूक एप्रिलचीच आहे.

सूर्याजी चिडून काहीही करू शकतो. मी तिथं नाही, याचा इतका त्रास छातीवर टाके घालतानाही झाला नव्हता. हेमांगीच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला वेगळं लिहीन. अजून लिहवत नाही.

आठवण ठेव.

मामा


ग्वाल्हेर
८ डिसेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी गोळी घ्या, मग वाचा.

शिक्षकांच्या घरी गेलो. बहुतेकांनी दारातच सांगितलं की बघू. गणिताच्या सरांनी तर दार उघडलंच नाही, आतून म्हणाले पाहुणे आलेत. मला रविवारची आशा नव्हती. सकाळी ऑफिसबाहेर मी आणि हेमांगी टीचर, दोघंच. त्यांनी साडीला पिन लावली होती ती सारखी काढून पुन्हा लावत होत्या. मग रिक्षातून गणिताचे सर उतरले, हातात घरची प्लास्टिकची खुर्ची. म्हणाले, ऑफिसात खुर्च्या कमी पडतील. कुठल्या हिशेबानं म्हणाले देव जाणे, पण मग खरंच कमी पडल्या. सगळे नाही आले. पुरेसे आले.

चहा आला. मामा, असा चहा मी जन्मात पाहिला नाही. कप ओठाला लावायचे आणि तसाच खाली ठेवायचे. त्यावर साय आली.

लीलाताईंनी तुमचं मत वाचलं. सूर्याजीराव हसले आणि म्हणाले, त्यात काय, आत्ता लिहितो. सगळे त्यांच्या मागून फलकापाशी. त्यांनी प्रश्न लिहिला आणि खाली लिहिलं, गर्दी टाळण्यासाठी. लीलाताईंनी विचारलं, कुठली गर्दी, व्हॅन तर सगळ्या पुढच्याच फाटकाशी थांबतात. त्यांनी पुसलं. मग लिहिलं, मुलांच्या सुरक्षेसाठी. गणिताच्या सरांनी अगदी हळू विचारलं की नाल्याला कठडा नाही, तर कुठल्या मुलांच्या? तेही पुसलं. मग बराच वेळ ते खडू धरून उभे राहिले. मला वाटलं होतं की मजा येईल. नाही आली. म्हातारा माणूस पाठमोरा उभा, आणि कोटाला खडूची पूड. दुसऱ्या विरोधी सदस्यांना लीलाताईंनी खडू पुढे केला, तर ते चष्मा शोधायला लागले.

शेवटी सूर्याजीराव वळले आणि म्हणाले, त्या फाटकाची बिजागरी तशीही ढिली झाली आहे. दुरुस्तीला काढतो. तोवर सगळे पुढून येतील. आणि खडू ठेवून आत गेले.

तुमचं मत कुणी मागितलंच नाही. हेमांगी टीचर मार्चपर्यंत राहतील, एप्रिलचं एप्रिलमध्ये पाहू असं ठरलं. उलटा तास बंद. फलकावर यापुढे फक्त सुविचार. मी उद्यापासून, म्हणजे आजपासून, फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही. याला जिंकलो म्हणतात का? मी टीचरना विचारलं. त्या म्हणाल्या, माहीत नाही. आणि मग हसल्या, महिन्यात पहिल्यांदा.

आज सकाळी समोरच्या फुटपाथवर उभा राहून पाहिलं. धुकं होतं, व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता. ओरडणारे ते गृहस्थ मुलाला सोडायला आले होते, त्यांनी मान वळवली आणि मोबाईल पाहिला. आरटीईवाली मुलं आईचं बोट सोडून एकेक आत गेली. गरिमा मधेच थांबली. फाटकावरच्या कमानीत शाळेचं नाव आहे ना, ते वाचत होती. या बाजूनं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मागे रांग खोळंबली, चौकीदार ओरडला, तरी पूर्ण वाचूनच आत गेली.

बॅग भरलेली आहे. उघडू का, ते कळवा.

राघव


पुणे
१२ डिसेंबर २०२५

चि. सौ. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद.

तू प्रश्न विचारल्यापासून मी राघवला लिहिलं, मंडळाला लिहिलं, तुला नाही लिहिलं. सबबी पुष्कळ होत्या. छाती दुखते ही त्यातली सगळ्यात चांगली, पण ती परवापासून दुखत नाही.

दोन उत्तरांचा नियम मी केला, आणि तुझ्या प्रश्नाला त्यातलं एकच देता येतं. तुझ्या जागी, तुझ्या नोकरीत मी असतो, तर गरिमाला म्हणालो असतो, नंतर सांगतो. आणि सांगितलं नसतं. मसुदा पाठवला तेव्हा ते तुलाही कळलं असेल. तू मास्तर म्हणून माझ्या पुढे गेलीस, हे लिहायला मला इतके दिवस लागले.

सूर्याजीनं शाळेतला तास बंद केला. माझी गच्ची मंडळाची नाही. तिकीट काढलं आहे. अवंतिका माझ्याशी बोलत नाही, पण वाटेसाठी दशम्या करते आहे. २० तारखेला, शनिवारी, दुपारी ऊन असेल तेव्हा मुलांना गच्चीवर घेऊन ये, दोन्ही फाटकांच्या. त्या रविवारी चहा प्यायला आले होते त्या सगळ्या शिक्षकांनाही आण, आणि आले नव्हते त्यांना आधी बोलाव. एप्रिलचं एप्रिलमध्ये पाहू, असं सूर्याजीला म्हणू दे. आपण डिसेंबरातच पाहू. राघवला सांग, बॅग उघड आणि सतरंज्या झाड.

मी पायरीवर बसेन, मुलं उभी राहतील. गरिमाला पहिली उभी कर. मला हल्ली फार कमी ऐकू येतं, तेव्हा तिला म्हणावं, मोठ्यानं विचार.

तुझा
लक्ष्मीकांत सर